डाव्या हाताची खाच

रकाना ९. प्रवासाचा उद्देश. (एकाच चौकोनात खूण करावी.)

एजंटाने टेबलावर दोन अर्ज ठेवले, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि दोन्हींच्या मधोमध स्वतःचा चहाचा कप. डावा अर्ज चार पानांचा. उजवा एकवीस.

"हा व्हिजिट," चार पानांवर बोट आपटत तो म्हणाला. "तीन आठवडे. शिक्का, तिकीट, विमान, संपलं. आणि हे बाड म्हणजे वर्क. मालकाचं पत्र, पत्राला परवाना, परवान्याला तपासणी, तपासणीला पुन्हा पत्र. सात महिने म्हणतात. नऊ महिन्यांत मूल होतं, हे तेवढ्यात होईलच असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही."

"पण काम करायला जायचं म्हटल्यावर..."

"काम करायलाच जायचंय! नाही कोण म्हणतंय? नुसतं लिहायचं नाही. पर्यटन लिहायचं, जायचं, स्टुलावर बसायचं. तिकडे गेलं की मालक व्हिसा बदलून देतो."

"देतो का?"

एजंटाने कपातल्या चहावर फुंकर घातली. चहा केव्हाच गार झाला होता.

ज्याच्याशी हे बोलणं चाललं होतं त्याला घरात धाकटा म्हणत. चौतिशी उलटली तरी धाकटाच, कारण घरात एक थोरला होता. होता की आहे, ते जवळजवळ पाच वर्षं कुणालाच ठरवता आलं नव्हतं. ते ठरेपर्यंत याची धाकटेपणातून सुटका नव्हती.

रकाना ४. व्यवसाय.

कवळ्या करणे.

दवाखान्यातून माणसाच्या हिरड्यांचा ठसा येतो. त्यात प्लास्टर ओतलं की जबडा तयार. जबड्यावर गुलाबी मेण, मेणात एकेक दात, मग मेण वितळवून त्याच्या जागी पक्कं अ‍ॅक्रिलिक, शेवटी घासूनपुसून चकाकी. चष्म्याच्या दुकानावरच्या एका खोलीत धाकटा पंधरा वर्षं हेच करत आला. खोलीत बोलायला कुणी नाही, पण फळीवरून दात विचकून बघणारे चाळीसएक जण कायम हजर.

शिकवलं थोरल्याने. थोरला डावखुरा. त्याची शिकवायची पद्धत एकच: स्वतःची झालेली कवळी समोर ठेवायची आणि म्हणायचं, "अशी कर." वर एक अक्षर नाही. पहिली दोन वर्षं धाकट्याने नुसत्या नकला केल्या. थोरल्याच्या वरच्या कवळीला आतल्या बाजूने, डावीकडच्या शेवटच्या दाढेमागे, तांदळाच्या दाण्याएवढी तिरकी खाच असायची. धाकटाही इमानेइतबारे प्रत्येक कवळीला ती पाडत राहिला. कशासाठी, ते विचारलं नाही. लाळ वाहून जायला असेल, असं स्वतःचं स्वतःच ठरवून टाकलं. एक दिवस थोरल्याने त्याचं काम उलटं करून पाहिलं आणि स्टुलावरून पडायचा तेवढा बाकी राहिला.

"अरे गाढवा, ही माझी सही आहे! दोन वर्षं माझ्या नावावर काम करतोयस होय?"

"मग सांगायचं नाहीस?"

"मला वाटलं, कौतुकाने करतोयस."

तेव्हापासून धाकट्याने खाच सोडली.

या कामात आणखी एक रीत. मेण कोरायची सुरी ज्याची त्याची असते. लाकडी मुठीला बोटांचे खळगे पडत जातात, आणि दुसऱ्याच्या हातात ती वळत नाही. जिवंतपणी कुणी आपली सुरी दुसऱ्याला देत नाही, उसनीसुद्धा नाही. धाकट्याने एकदा थोरल्याच्या सुरीला नुसता हात लावला तर ऐकावं लागलं, "मेलो नाही मी अजून."

रकाना १४. अर्जदाराच्या कुटुंबातील कोणी यापूर्वी या देशात आले होते काय? परत गेल्याची तारीख लिहावी.

आले होते. भाऊ.

तारखेसाठी आठ छोटे चौकोन. दिवसाचे दोन, महिन्याचे दोन, वर्षाचे चार. धाकट्याने ते सगळे रिकामे ठेवले. रिकामे आठ चौकोन समोरून बघितले की खालच्या दातांसारखे दिसतात.

थोरला व्हिजिटवर गेला होता. पहिले चौदा महिने फोन यायचा. "लॅब तळघरात आहे रे. नऊ स्टुलं. वर भिंतीला एक खिडकी, तिच्यातून रस्त्यावरच्या लोकांचे फक्त पाय दिसतात. आता मी पायांवरून सांगतो, पोस्टमन कोण, कोण उशिरा कामाला निघालंय, कोण घरात भांडून आलंय." लॅबचं नाव विचारलं की हसायचा. "पर्यटकाला कशाला लॅबचं नाव?" व्हिसा बदलला का, विचारलं तर म्हणायचा, मालक पुढच्या महिन्यात करतोय. चौदाही महिने तो पुढचाच महिना राहिला. पंधराव्यात फोन आला नाही.

विचारायचं कुणाला? वकिलातीला पाच पत्रं गेली. एकाचं उत्तर आलं. सदर इसम पर्यटक म्हणून दाखल. मुदत तीस दिवस. त्यानंतरची नोंद नाही. व्यवसायाची नोंद नाही. मालकाची नोंद नाही.

आणि आता त्याच शहरातून धाकट्याला काम चालून आलं होतं.

रकाना ४, पुढे चालू.

"मालक आधी हात बघणार," एजंटाने सांगितलं होतं. "एक कवळी नमुना म्हणून पाठवलीय. हुबेहूब तशी करून पाठवा."

नमुन्याचं पार्सल आलं ते वहिनीच्याच खिडकीवर. थोरल्याची बायको गावातल्या पार्सल ऑफिसात खिडकीवर बसते. दुपारी जेवायला येताना ती डबी घेऊन आली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी धाकटा, वहिनी आणि आई. धाकट्याने कवळी कापसातून काढली, उजेडात धरली, काम चोख आहे म्हणाला, उलटी केली, आणि अंगठा सवयीने आतून फिरवला.

अंगठा थांबला.

"काय झालं?" वहिनी म्हणाली.

डावीकडे. शेवटच्या दाढेमागे. तांदळाएवढी.

"वहिनी, हे दात गेल्या वर्षी निघालेत. हा रंग त्याआधी बाजारातच नव्हता."

"म्हणजे काय? सरळ सांगा ना भाऊजी."

"म्हणजे ही कवळी वर्षाच्या आतली आहे. आणि खाच दादाची आहे."

वहिनीने पार्सलचा कागद घड्या घालून घालून काडेपेटीएवढा केला. "आहे," ती म्हणाली. मग परत, पण या वेळी विचारल्यासारखं, "आहे?"

"आण ती इकडे," आई म्हणाली.

आईच्या तोंडात थोरल्याने केलेली कवळी होती, जायच्या आदल्या आठवड्यात बसवलेली. एव्हाना हिरड्या आटल्या होत्या. बोलताना कवळी टकटक वाजायची, हसताना खाली यायची. धाकटा दर वर्षी म्हणायचा, नवी करून देतो, आणि आई दर वर्षी म्हणायची, मला मेलीला आता कुठे हसायचंय. आता तिने ती काढून वाटीतल्या पाण्यात टाकली आणि नमुन्याची कवळी उचलून तिचं डावं टोक सरळ तोंडात घातलं.

"अगं, धू तरी!"

"नवी तर आहे. कुणाच्या तोंडात कुठे गेलीय."

डोळे मिटून ती जिभेने चाचपत राहिली. मग कवळी काढून पदराला पुसली आणि दात नसलेल्या तोंडाने, शब्द चेपत, म्हणाली, "याची नाही ही."

"आई, खाच बघ ना!"

"बघितली की. माझी खाच मागून खोल आहे, पुढे येता येता विरते. ही उलटी आहे. पुढून खोल, मागे विरते. हा उजवा माणूस आहे. सहा वर्षं माझी जीभ दुसरीकडे कुठे होती? तुमचे चष्मे नि भिंगं असू द्या तुमच्याजवळ."

धाकट्याने भिंग आणलं. वाटीतली कवळी एका हातात, नमुना दुसऱ्या हातात. आई म्हणत होती ते खरं होतं. पंधरा वर्षं या धंद्यात राहून त्याने कधी पाहिलं नव्हतं की खाचेलाही उजवं-डावं असतं.

"मग कोणाची?" वहिनी म्हणाली.

धाकट्याला उत्तर माहीत होतं. ते त्याने स्वतः दोन वर्षं हाताने गिरवलं होतं. तळघरात कुणीतरी थोरल्याशेजारी बसलं होतं, थोरल्याने स्वतःची कवळी त्याच्यासमोर ठेवून 'अशी कर' म्हटलं होतं, आणि ते शहाणं अजून तशीच करत होतं. त्याला 'अरे गाढवा' म्हणून हसायला कुणी उरलं नव्हतं, नाहीतर खाच थांबली असती.

आईने आपली कवळी पाण्यातून काढून तोंडात बसवली. टक.

रकाना ११. वैवाहिक स्थिती. (विवाहित, अविवाहित, विधवा, घटस्फोटित. लागू नसलेले खोडावे.)

अर्ज धाकट्याचा, त्यामुळे रकानाही धाकट्याचा. एका झटक्यात भरून झाला. पण टेबलापलीकडून वहिनी त्या ओळीकडे बघत होती. कुठलाही अर्ज असो, ती हा रकाना शेवटी ठेवायची, आणि बहुतेक वेळा न खोडताच पुढे द्यायची. खिडकीवरचा माणूस विचारायचा, बाई, यातलं काय? ती म्हणायची, तुम्हीच बघा.

"तुम्ही व्हिजिटवर जा, भाऊजी," ती म्हणाली.

"दादाही व्हिजिटवरच गेला होता."

"म्हणूनच म्हणते. तीन आठवड्यांत त्या तळघरात असाल. तो उजव्या हाताचा कोण आहे, त्याला धरा आणि विचारा. मला हो की नाही, एवढंच हवंय. सात महिने मी नाही थांबणार."

"सहा वर्षं थांबलात."

"सहा वर्षं कुठे जाऊन विचारायचं ते माहीत नव्हतं. आता पार्सलवर पत्ता आहे."

आई मध्ये पडली नाही. ती वाटीतलं पाणी कुंडीत ओतायला गेली, आणि बराच वेळ कुंडीपाशी उभी राहिली. पाणी केवढंसं ते.

रकाना ९. पुन्हा.

व्हिजिटच्या अर्जासोबत एजंटाने उत्तरांचा कागद दिला. झेरॉक्सची झेरॉक्स, कडा काळ्या.

"पाठ करून या. अडखळलात की संपलं. खिडकीतला साहेब डोळ्यांत बघून विचारतो."

धाकटा पायऱ्या उतरता उतरता वाचू लागला.

कशासाठी जाताय? फिरायला.

कुठे उतरणार? आईच्या मामेभावाकडे.

काय बघणार? तळं, संग्रहालय, जुना पूल.

परत का येणार? घरी आई आहे.

तिसऱ्या पायरीनंतर त्याने कागद खाली केला, तरी उत्तरं येतच राहिली. ती त्याला पाठ होती. शब्द न शब्द. तळं, संग्रहालय, जुना पूल. एजंट वेगळा, कागद तोच. आणि आठवलं ते कुठे पाठ झालं. घरच्या स्वयंपाकघरात, त्याच टेबलाशी. सहा वर्षांपूर्वी धाकटा साहेब झाला होता. आईचा चष्मा नाकावर ओढून, आवाज घोगरा करून प्रश्न विचारत होता, आणि थोरला समोर बसून उत्तरं देत होता.

"कशासाठी जाताय?"

"फिरायला," थोरला म्हणायचा आणि त्याला हसू फुटायचं.

"दादा, हसू नकोस! हसलास की पकडतील. परत. कशासाठी?"

"फिरायला." फिस्स.

"परत!"

बावीस वेळा. आईने मोजलं होतं. वहिनी ओट्याला पाठ लावून पोट धरून हसत होती. तेविसाव्या वेळी थोरल्याने चेहरा असा काही कोरा केला, डोळे असे काही रिकामे केले, की वहिनीचे पोटावरचे हात सुटले. जणू समोर बसलेला माणूस खरोखरच कुणी ओळखीचा नव्हता, कुठल्याशा तळ्याकाठी फिरायला निघालेला कुणीतरी.

"आता जमलं," धाकटा म्हणाला होता. "असाच राहा."

आणि तो तसाच राहिला. व्यवसायाची नोंद नाही. मालकाची नोंद नाही. धाकट्याने शिकवलं होतं तस्सं.

रकाना १७. कामाचा नमुना. (मागवला असल्यास.)

नमुन्याची नक्कल तर करून पाठवायची होतीच. हुबेहूब म्हणजे खाचेसकट. पण नमुन्यातली उजवी खाच नको, दादाची हवी, म्हणून धाकट्याने तीन दिवस रद्दी कवळ्यांवर सराव केला, डाव्या हाताने. डावा हात ऐकेना. कधी खाच लांब जाई, कधी अंगठ्यात. बरणीभर गुलाबी तुकडे झाले. चौथ्या दिवशी एक नीट आली: मागून खोल, पुढे येता येता विरणारी. आईने जिभेने तपासली आणि होकाराची मान हलवली.

मग तशीच नमुन्याच्या नकलेला पाडली आणि ती पाठवली.

दहा दिवसांनी एजंटाच्या ऑफिसात मालकाचा फोन आला. एजंटाने स्पीकर लावला. मालक त्याच्या भाषेत बोलत होता, एजंट अर्धं त्याला, अर्धं धाकट्याला सांगत होता.

"खूश आहे मालक. म्हणतो असा हात शोधून सापडत नाही. फक्त तुमची कवळी त्याला परत मिळेना झालीय." एजंटाला हसू आलं. "त्याचा एक माणूस देतच नाहीये म्हणे. उलटी केली, बोट फिरवलं, आणि मुठीत धरून बसलाय. म्हणतो, ही जुन्याची आहे."

"जुना कोण, विचारा."

एजंटाने विचारलं. पलीकडे घासायच्या मशिनचा आवाज येत होता. तो धाकट्याला घरच्यासारखा ओळखीचा वाटला, आणि त्याचीच भीती वाटली.

"होता म्हणतो कुणीतरी. व्हिजिटवरचा."

"कुठे गेला?"

एजंटाने ऐकून सांगितलं. "म्हणतो, व्हिजिटवर आलेला माणूस जायचाच. बघून झालं की."

"काय बघून झालं की?"

"आता मी कसं सांगू! तळं, बिळं."

"नाव विचारा त्याचं."

या वेळी उत्तर लगेच आलं, आणि एजंटाने ते हसत नव्हे, नुसतं सांगितलं. "नाव कसं असेल, म्हणतो. तो कागदावर कुठे होता." मग त्याने घसा साफ केला. "तेच स्टूल रिकामं आहे म्हणतो. तीन आठवड्यांत येत असाल तर बोला."

ऑफिसच्या भिंतीवर विमानाचं मोठं चित्र होतं, खिडक्यांतून हसणारी माणसं. सगळ्यांचे दात एकाच साच्यातले.

"त्यांना सांगा," धाकटा म्हणाला, "येतो. पण त्यांच्या कागदावर. माझं नाव, माझा धंदा, त्यांच्या सहीखाली. ते एकवीस पानांचं द्या इकडे."

"अहो, स्टूल जाईल!"

"स्टूल मला इथूनही दिसतंय, साहेब. त्याच्यावर बसलेला माणूस दिसत नाही, ही अडचण आहे."

मालकाला हात हवा होता. कुरकुरत का होईना, त्याने पत्र पाठवलं. पत्रात एक ओळ होती: या जागेवर यापूर्वी कोण काम करीत होते? पुढे मालकाने लिहिलं होतं, कोणी नाही. जागा नवीन.

स्वतंत्र कागद. (रकान्यात जागा अपुरी पडल्यास जोडावा.)

वहिनी आठ दिवस बोलली नाही. बोललीच तर आईमार्फत. "आई, भाऊजींना सांगा, मीठ संपलंय." "आई, भाऊजींना विचारा, सात महिन्यांनी कोण जिवंत राहतंय." आई निरोप द्यायचीच नाही, कारण दोघं एकाच टेबलाशी असायची.

नवव्या दिवशी धाकट्याने एकवीस पानं टेबलावर पसरली, मालकाची ती ओळ वहिनीसमोर सरकवली आणि म्हणाला, "मी व्हिजिटवर गेलो असतो, तर हे खोटं आहे असं म्हणायला मला तोंड नसतं. आता आहे."

वहिनीने ओळ वाचली. कोणी नाही. जागा नवीन. मग पर्समधून स्वतःचं पेन काढलं.

"तुमचं अक्षर कुत्रं नेईना," ती म्हणाली. "सांगा, मी लिहिते."

एक कोरा कागद. पार्सलांवर पत्ते लिहून वहिनीचं अक्षर ठसठशीत झालं होतं, वाचायला चष्मा लागू नये असं. तिने नवऱ्याचं पूर्ण नाव लिहिलं. धंदा: कवळ्यांचा कारागीर. हात: डावा. सहा वर्षांपूर्वी या पत्त्यावर, या तळघरात, कामाला. त्याची खूण अशी, अशी आणि इथे. तिने ती चितारूनही दाखवली, आईच्या कवळीवर कागद ठेवून, पेन्सिलीने घासून. शेवटचा फोन अमुक तारखेला. आमच्या माहितीप्रमाणे तो फिरायला गेला नव्हता.

हे शेवटचं वाक्य धाकट्याने सांगितलं.

कागद संपला तसा वहिनीचा हात सवयीने खालच्या कोपऱ्यात गेला आणि तिथे तिने घराचा पत्ता घातला.

"तो कशाला? पुढच्या पानावर आहे की."

"परतीचा पत्ता लिहायचाच असतो," ती म्हणाली. रोज खिडकीवर पन्नास जणांना सांगायची तसंच. "नाहीतर हरवलेलं परत कुठे येणार?"

वकिलातीच्या खिडकीत एक बाई बसली होती. तिने एकवीस पानं मोजली, बाविसाव्यावर थांबली.

"हा मागितलेला नाही."

"जागा अपुरी पडली."

"कुठल्या रकान्यात?"

"नवव्या."

तिने बघितलं. "नऊमध्ये एका चौकोनात खूण करायची असते. काम की फिरणं. तुम्ही केलीय. काम."

"माझ्या भावाने केली नव्हती," धाकटा म्हणाला. "मी करू दिली नव्हती."

बाई बाविसावं पान पुन्हा वाचू लागली. मग तिने तो कागद बाकीच्या कागदांखाली सरकवला आणि सगळ्यांना मिळून एकच टाचणी मारली.

फक्त कार्यालयीन उपयोगासाठी. अर्जदाराने येथे काही लिहू नये.

चार महिने गेले. मग एजंटच घरी आला. चहा नको म्हणाला, म्हणजे तापलेला होता.

"तुम्ही काय जोडलंत त्या अर्जाला? मालकाच्या तळघरात तपासणीवाले उतरले! स्टुलं मोजली. नऊ स्टुलं, कागदावर नावं तीन. एकेकाच्या हातात तुमच्या त्या पानाची झेरॉक्स देऊन विचारत होते, याला ओळखता का, याला ओळखता का. मालकाने पत्र मागे घेतलं. तुमचा अर्ज बंद. माझं तोंड काळं."

"कुणी ओळखलं का?" वहिनीने विचारलं.

"बाई, पोटावर पाय आला असता, कोण ओळखेल? सगळ्यांनी कानांवर हात ठेवले." दारातून वळून म्हणाला, "असा हात होता हो तुमचा. वाया घालवलात."

धाकटा चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत परत गेला. फळीवरचे चाळीस जण दात विचकून स्वागताला होतेच.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी वहिनी पार्सलं लावत होती. एक लांबट, हलकं, पुठ्ठ्याचं. पाठवणाऱ्याची जागा कोरी. परतीचा पत्ता नाही म्हणून तिने ते कपाळाला आठी घालून बाजूला ठेवलं, आणि मग पत्त्याकडे लक्ष गेलं. पत्ता तिच्याच अक्षरात होता. तिच्याच हातचा, पण झेरॉक्समधला, काळ्या कडांचा, कात्रीने कापून डिंकाने चिकटवलेला. क्षणभर तिला वाटलं, आपणच कधीतरी हे पाठवलं आणि विसरलो.

तिने ते तिथे उघडलं नाही. घरी आणलं, टेबलावर ठेवलं.

आत प्लास्टरचे डाग पडलेलं फडकं, आणि फडक्यात मेण कोरायची सुरी. लाकडी मूठ. मुठीला बोटांचे खळगे, अंगठ्याचा खळगा उलट्या बाजूला. चिठ्ठी नाही.

धाकट्याने ती उजव्या हातात धरली. वळली नाही. डाव्या हातात घेतली, आणि बोटं एकामागून एक आपापल्या जागी जाऊन बसली.

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "त्यांनी दिली असेल कुणाला. निघताना. ठेव म्हणून."

धाकट्याने आईकडे पाहिलं. आईने सुरी घेतली, पातं अंगठ्याच्या पेरावर ठेवलं, दाबलं नाही.

"त्याने दिली नसती," ती म्हणाली.

वहिनीने फडक्याची घडी घातली. मग आणखी एक. काडेपेटीएवढी झाल्यावर ती हातात धरून बसली. वाटलं होतं रडेल, पण ती एवढंच म्हणाली, "पाठवणाऱ्याचं नाव नाही. त्याला पोच कशी कळवायची?"

सुरी टेबलावर तिघांच्या मधोमध राहिली.

त्या महिन्यात आईने आपण होऊन तोंड उघडलं. धाकट्याने ठसा घेतला, प्लास्टर ओतलं, दात बसवले. काम झाल्यावर कवळी उलटी करून त्याने अंगठा आतून फिरवला. डाव्या शेवटच्या दाढेमागची जागा गुळगुळीत, चकचकीत. त्याने ती तशीच ठेवली.

नवी कवळी आईला घट्ट बसली. टकटक थांबली. जुनी फळीवर गेली. आता आई बोलते, स्वच्छ बोलते, सगळे शब्द पूर्ण येतात. फक्त बोलता बोलता मध्येच गप्प होते. गाल आतून किंचित फुगतो, डावीकडे, मागे. जीभ तिथे जाते, शोधते, आणि परत येते.